तीन तासांचा चढ, वीस मिनिटांचा उतार

आल्प्समधल्या एखाद्या साधारण स्की-टूरचा हिशेब मांडला, तर स्की आणि बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी यंत्रणा) निवडण्याच्या प्रश्नाची निम्मी उकल होते. सकाळी दरीतून निघून १,००० मीटर उंची चढायची असेल, तर बऱ्यापैकी सराव असलेला माणूस ताशी ३०० ते ४०० मीटर उंची कमावतो, म्हणजे चढाला तीन तास लागतात. आणि तोच डोंगर उतरायला थांबत थांबत गेले तरी वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. दुकानात स्की हाताळताना मात्र डोळ्यांसमोर ही वीस मिनिटेच असतात. फ्रीराइड करणारा बहुधा लिफ्टने किंवा गोंडोलाने वर जातो आणि आखलेल्या मार्गाबाहेरच्या हिमावरून खाली येतो, म्हणून त्याला हे परवडते. टूरिंग करणाऱ्याला वर नेणारे कोणी नसते. तो स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतो, बुटाची टाच मोकळी ठेवतो आणि स्की सरकवत स्वतःच्या पायांनी चढतो.

या चढात एक जादा किलो नेमका किती महाग पडतो, हे पाहण्यासारखे आहे. १ किलो वस्तुमान १,००० मीटर उचलण्यासाठी ९,८०० ज्यूल, म्हणजे सुमारे २.३ किलोकॅलरी ऊर्जा पुरते. स्नायूंची कार्यक्षमता पाव धरली, तरी हा खर्च दहा किलोकॅलरींच्या आतच राहतो, म्हणजे बिस्किटाच्या एका तुकड्याइतका. खरा खर्च उंचीचा नसून पावलांचा आहे, कारण पायाला बांधलेले वजन प्रत्येक पावलाला थांबते आणि प्रत्येक पावलाला त्याला नव्याने गती द्यावी लागते. १५ अंशांच्या चढावर १,००० मीटर उंची गाठायची, तर वाटेची लांबी जवळजवळ चार किलोमीटर भरते आणि पावले सहा हजारांच्या आसपास जातात. सपाटीवर चालणाऱ्या माणसांवर अमेरिकेत झालेल्या आणि १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत पायांवरचे वजन धडावरच्या तेवढ्याच वजनापेक्षा चार ते सहा पट महाग ठरले होते. स्की उचलायची नसून सरकवायची असते, त्यामुळे तिच्या बाबतीत हा गुणक जसाच्या तसा लागू होत नाही. पण बूट आणि त्याच्याबरोबर जे जे उचलले जाते, त्याला तो बराचसा लागू होतो. सह्याद्रीत जड, भिजलेल्या बुटांनी गड चढलेल्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागणार नाही.

म्हणूनच माझ्या मते निवडीची सुरुवात स्कीपासून करू नये, बाइंडिंगपासून करावी. जुन्या चौकटीच्या बाइंडिंगमध्ये पुढचा आणि मागचा जबडा एका लांब पट्टीवर बसवलेला असतो आणि चढताना ती अख्खी चौकट बुटासकट वर उचलली जाते. अशा जोडीचे वजन दोन किलोंच्या वर सहज जाते. १९८०च्या दशकात ऑस्ट्रियातल्या तिरोलच्या फ्रिट्झ बार्थेलने यावर तोड काढली. जड सामान घेऊन माँ ब्लाँ चढताना झालेल्या दमणुकीतून त्याला असे सुचले, की स्कीचा बूट स्वतःच इतका ताठ असतो की पुढचा आणि मागचा भाग जोडणाऱ्या पट्टीची गरजच नाही. बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धातूच्या लहान खळग्या बसवल्या, त्यांत स्प्रिंगच्या जोरावर दोन पिना रुतवल्या, आणि टाचेकडचा भाग स्कीवरच राहू दिला, की चालताना फक्त बूट उचलावा लागतो. पुढे १९९०च्या सुमारास डायनाफिटने ही रचना बाजारात आणली, आणि पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्यांनीही ती उचलली. आज पिनांच्या बाइंडिंगची हलकी जोडी अर्ध्या किलोच्याही आत मिळते.

वजन कमी करताना सुटण्याच्या यंत्रणेत काय बदलले, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे, कारण बाइंडिंगचे काम बूट धरून ठेवणे जितके आहे, तितकेच तो योग्य क्षणी सोडणे हेही आहे. उतारावरच्या नेहमीच्या बाइंडिंगमध्ये पाय पिळला गेला की पुढचा जबडा बाजूला सरकतो आणि माणूस तोंडावर पडू लागला की टाच वर सुटते. पिनांच्या बहुतेक रचनांत ही दोन्ही कामे टाचेकडचा भाग करतो: पीळ पडला की तो आपल्या खुंट्याभोवती फिरतो, आणि त्यानंतर पुढच्या पिना उघडतात. बाइंडिंगला बुटामार्फत येणारे बल जाणवते, हाड मात्र पिळाने मोडते. आणि पीळ म्हणजे बल गुणिले अंतर असल्यामुळे त्याच माणसाच्या बुटाचा तळ लांब असेल तर सुटण्याचा आकडा, म्हणजे बाइंडिंग किती जोर आल्यावर बूट सोडेल हे ठरवणारा आकडा, कमी ठेवावा लागतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत या सर्वांवरून हा आकडा ठरतो. मित्राचा आकडा आठ आहे म्हणून आपलाही आठ ठेवणे, किंवा मोठा आकडा म्हणजे मोठे कौशल्य असे समजणे, हा नडगीशी केलेला जुगार आहे.

टूरिंगच्या बाइंडिंगसाठी आयएसओ १३९९२ हे स्वतंत्र मानक आहे. सगळ्यात हलक्या, शर्यतीच्या धाटणीच्या बाइंडिंगमध्ये आकडा बदलताच येत नाही. पहिल्याच खरेदीत त्या घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. पिनांची दुसरी मर्यादा अशी, की धक्का बसल्यावर थोडे सरकून पुन्हा मध्यावर येण्याची त्यांची क्षमता कमी असते. कडक, खडबडीत उतारावर वेगाने जाताना छोटे छोटे धक्के एकापाठोपाठ बसतात, आणि ज्या बाइंडिंगला परत येण्याइतकी जागा नाही, ती नको तेव्हा सुटू शकते. हे टाळण्यासाठी काही जण पुढचा भाग चालण्याच्या कुलपातच, म्हणजे चढताना पिना उघडू नयेत म्हणून लावायच्या कुलपातच, ठेवून उतरतात. त्याने स्की सुटत नाही हे खरे, पण पडल्यावरही ती सुटत नाही आणि हिमस्खलनात सापडल्यावरही नाही. तेव्हा पायाला अडकलेली स्की माणसाला खाली ओढते. पिनांच्या स्प्रिंगखाली घट्ट होऊन त्या नीट मिटू न देणारा बर्फ टोकदार वस्तूने खरवडून काढण्याचा साधा उपाय त्यापेक्षा कितीतरी बरा. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९७०च्या दशकापासून सुधारत गेलेल्या बाइंडिंगमुळे नडगी मोडण्याचे प्रमाण खूप घटले, पण गुडघ्यातल्या पुढच्या अस्थिबंधाच्या इजा तशा घटल्या नाहीत, कारण मागे तोल जाऊन गुडघा वाकलेला असताना पडणारा पीळ बाइंडिंगला नीट ओळखताच येत नाही.

चढाचा हलकेपणा आणि उताराची भक्कम पकड एकत्र आणणाऱ्या बाइंडिंगही आहेत. सालोमॉनची २०१८ साली आलेली शिफ्ट चढताना पिनांवर चालते आणि उतरताना नेहमीच्या जबड्यासारखी बूट पकडते. एका पायामागे तिचे वजन ९०० ग्रॅमच्या जवळपास आहे. दिवसाकाठी दोन-तीनशे मीटरच चढणाऱ्या फ्रीराइडरला हा सौदा चांगला आहे. रोज हजारभर मीटर चढणाऱ्याला तो जाचतो.

आता स्की. मध्यावरची रुंदी हा आकडा जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेला असतो, आणि त्याचे महत्त्व थोडे फुगवलेले असते. सामानासकट ९० किलोंचा माणूस नुसत्या बुटांवर हिमात उभा राहिला, तर दाब सुमारे १५ किलोपास्कल पडतो. मध्यावर १०० मिलिमीटर रुंद आणि १८० सेंटिमीटर लांब स्कीवर तोच दाब दोन किलोपास्कलवर येतो. फरक सातपट आहे. पण ८५ मिलिमीटरची स्की सोडून ११५ची घेतली, तर टोके धरून एकूण क्षेत्रफळ तीस टक्क्यांच्या आसपासच वाढते. ताज्या, भुसभुशीत हिमावर तरंगणे हे क्षेत्रफळाइतकेच वेगावर आणि टोकाच्या आकारावर अवलंबून असते. पुढचे टोक लांबवरून हळूहळू वर वळत गेलेले असेल, तर हिम खाली दाबले जाते आणि स्की वर येते. २००२ साली शेन मॅकॉन्की या फ्रीराइड स्कीपटूच्या कल्पनेतून निघालेल्या व्होलांटच्या स्पॅट्युलाने हा विचार टोकाला नेला: तिचा मधला भाग खाली आणि दोन्ही टोके वर होती, आणि कडांची वक्रताही नेहमीच्या उलट होती. कडक बर्फावर ती जवळजवळ निरुपयोगी होती, पण आजच्या बहुतेक फ्रीराइड स्कींची वर वळलेली टोके याच विचाराच्या वाटेवरची आहेत.

रुंदीची किंमत कडक बर्फावर मोजावी लागते. तिरक्या उतारावर आडवे जाताना सारा भार एका कडेवर येतो, आणि ती कड पायाच्या मध्यरेषेपासून साधारण निम्म्या रुंदीवर असते. म्हणजे ११५च्या स्कीवर घोट्याला ८५च्या स्कीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जादा जोर लावून स्की कडेवर धरावी लागते, आणि तेही तासन्‌तास. वजनाचे गणित याच्या उलट चालते. हलकी स्की चढाला सुखाची, पण उतारावरच्या गोठलेल्या ढेकळांवर आपटली की तिचे जडत्व कमी असल्याने ती लगेच विचलित होते. कार्बनचा ताठपणा येथे मदत करत नाही, कारण तो कंपने शोषून घेण्याऐवजी पायापर्यंत पोहोचवतो. लाकडी गाभ्यावर टायटॅनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा थर घातलेली स्की शांत चालते, आणि जड होते.

त्यामुळे उत्तर डोंगरावर ठरते. आल्प्समधला शामोनी ते झेरमाट हा हिमनद्यांवरून जाणारा मार्ग मार्च-एप्रिलमध्ये करायचा, तर पहाटे गोठलेला बर्फ, आडवे लांब पट्टे आणि सहा-सात दिवसांचा चढ समोर असतो. तेथे ८० ते ९० मिलिमीटर रुंदीची, एका पायाला सव्वा किलोच्या आसपासची स्की आणि आकडा बदलता येणारी हलकी पिनांची बाइंडिंग शोभते. गुलमर्गची गोष्ट निराळी आहे. तेथे जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमी विक्षोभ खोल हिम टाकून जातात आणि गोंडोला आफरवत डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेऊन सोडते. तेथून कड्यापर्यंत चढायचे ते थोडेच. तेथे १०५ ते ११५ रुंदीची, जरा जड स्की आणि शिफ्टच्या जातीची बाइंडिंग घेणारा शहाणाच ठरतो. दोन्ही ठिकाणी एकच जोडी न्यायची असेल, तर ९५ ते १०० मिलिमीटर आणि दीड किलोच्या आसपास थांबावे. दोन्हीकडे थोडी तक्रार राहील, पण कोठेही अडणार नाही.

या सगळ्याच्या आधी बूट ठरलेला हवा. पिनांसाठी खळग्या नसलेला नेहमीचा स्कीचा बूट पिनांच्या बाइंडिंगमध्ये बसतच नाही, आणि खळग्या असलेला प्रत्येक बूट शिफ्टसारख्या प्रत्येक मिश्र बाइंडिंगला चालतोच असे नाही; तळाचा आकार निर्मात्याने दिलेल्या यादीशी ताडून पाहावा लागतो. बाइंडिंगचे स्क्रू स्कीच्या गाभ्यात भोके पाडून बसवतात आणि त्यांच्या जागा बुटाच्या तळाच्या लांबीवरून ठरतात. मागचा भाग काही मिलिमीटर पुढे-मागे सरकवता येतो, पण त्याहून लहान किंवा मोठा बूट आला की नवी भोके पाडावी लागतात, आणि ती जुन्या भोकांच्या फार जवळ आली तर गाभा तेथेच कमजोर होतो.