खडकखंडांचे प्रतिमा-विश्लेषण

सुरुंगाने फोडलेल्या किंवा क्रशरमधून निघालेल्या दगडांची छायाचित्रे घेऊन संगणकाने त्यांच्या आकारमानांचे वितरण काढण्याची पद्धत. सोलापूर परिसरातील दगडखाणी दक्खन ट्रॅपच्या काळ्या बेसाल्टात आहेत. खडीची चाळणी-चाचणी आयएस २३८६ (भाग १) : १९६३ या मानकानुसार होते, पण मीटरभराचा डबर कोणत्या चाळणीत घालणार? प्रतिमेचा मार्ग निघाला तो या अडचणीतून.

उगमाचे श्रेय बहुधा मार्झ, फ्रँकलिन प्रभृतींच्या १९८७ च्या निबंधाला देतात. छायाचित्रावर दगड हाताने रेखून मोजण्याची रीत त्याहून जुनी असल्याने हे श्रेय संगणकी विश्लेषणापुरते मानणे रास्त. विपफ्रॅग (वॉटर्लू, कॅनडा) व स्प्लिट (ॲरिझोना विद्यापीठ) या संगणक-प्रणाली साधारणतः १९९० च्या दशकात प्रचारात आल्या.

दगडांच्या कडा वेगळ्या काढण्यासाठी पाणलोट-पद्धत (बशेर व लांत्विजूल, १९७९) वापरतात : उजेड-अंधाराला उंचसखल भूमी मानून जलविभाजक रेषा आखल्या जातात. माप म्हणून ज्ञात व्यासाचे दोन चेंडू ठेवतात, एक ढिगाच्या पायथ्याशी व एक माथ्याजवळ. एकट्या चेंडूवरून उताराचा कल कळत नाही. काळ्या बेसाल्टात सावली आणि दगड यांच्यात फरक थोडा. कचेची (दगडाच्या बारीक चुऱ्याची) धूळ बसली की कडा बुजतात, तर झिओलाइट या खनिजाच्या पांढऱ्या ठिपक्यांमुळे एका दगडाचे चार दगड मोजले जाण्याचा संभव असतो.

खरा वाद बारीक मालाचा. तो फटींत उतरतो, म्हणून चित्रात येत नाही. शिवाय चाळणी वजन मोजते, चित्र क्षेत्रफळ. काही अभ्यासक हा न दिसणारा भाग आकारमान-वितरणाच्या रोझिन–रामलर सूत्राने (१९३३) भरून काढतात. हे सूत्र मुळात कोळशाच्या भुकटीसाठीचे. ज्या मापाखाली ६३.२ टक्के माल जातो ते त्यातील वैशिष्ट्यदर्शक माप. सुरुंगाच्या मालात हे सूत्र बारीक भाग कमी दाखवते. ऊख्टरलोनी यांचे स्वेब्रेक फलन (२००५ च्या सुमारास) हे वितरणाचे दुसरे सूत्र येथे अधिक जुळते. तरी त्याच ढिगाचा नमुना चाळून दुरुस्ती करणे अधिक भरवशाचे.

माल वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरील कॅमेऱ्याला प्रकाश ठरलेला मिळतो, पण वरचाच थर दिसतो. क्रशरच्या जबड्यात न मावणारा डबर किती, एवढेच हवे असेल तर चित्र पुरते. मोठा दगड सहसा लपत नाही; अर्धा झाकला गेला, तर मात्र लहान मोजला जातो.