टर्फग्रासचं ऑनलाइन सर्टिफिकेट म्हणजे 'अर्धी डिग्री' नव्हे

"आधी सर्टिफिकेट करतो, म्हणजे अर्धी डिग्री झालीच. उरलेली नंतर बघू." गोल्फ कोर्सवर किंवा मोठ्या मैदानावर काम करायची इच्छा असलेल्या मुलांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय, की आता सविस्तर लिहायलाच हवं. उदाहरण अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या पेन स्टेट विद्यापीठाचं घेते. त्यांच्या वर्ल्ड कॅम्पसवर, म्हणजे ऑनलाइन शाखेत, १९९८ पासून शिकवतात आणि टर्फग्रासचं, म्हणजे मैदानावरच्या गवताचं, सर्टिफिकेट व बीएस (बॅचलर डिग्री) दोन्ही तिथे मिळतं.

सर्टिफिकेट लवकर होतं, स्वस्त पडतं. डिग्रीला १२० च्या आसपास क्रेडिट लागतात आणि नोकरी सांभाळून केली तर बरीच वर्षं जातात. हे तुम्हाला ठाऊकच असेल.

घोळ होतो तो पुढे. गवताचे मूळ कोर्स दोन्हीकडे सारखेच असतात. सर्टिफिकेटवाल्याला गवत कमी शिकवत नाहीत. समजा, ग्रीनवर, म्हणजे गोल्फच्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, नाण्याएवढे फिकट, वाळके ठिपके पडले. हा डॉलर स्पॉट नावाचा बुरशीचा रोग आहे, नत्र कमी पडलं आणि दव पानांवर फार वेळ राहिलं की ही बुरशी फोफावते, म्हणून सकाळी दव झाडून काढायचं, खत थोडं थोडं द्यायचं आणि एकाच गटातलं बुरशीनाशक पुन्हा पुन्हा मारायचं नाही, हे सर्टिफिकेटवाल्यालाही नीट कळतं.

पण त्याच महिन्यात क्लबची कमिटी विचारते, फवारणीचा खर्च इतका का वाढला? दोन पानांत लिहून द्या. पाण्याच्या तपासणीत सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त निघालंय, त्याने माती कशी बिघडेल? विक्रेत्याने चाचणीचे आकडे दाखवलेत, त्यातला फरक खरा की योगायोगाचा? इथे रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि लेखन लागतं, आणि डिग्रीतले जास्तीचे क्रेडिट बहुतेक याच विषयांचे असतात. मुलं त्यांना 'भरताड' म्हणतात. मला त्या शब्दाचा मनापासून राग येतो. सुपरिंटेंडंट, म्हणजे गोल्फ कोर्सच्या देखभालीचा प्रमुख, सकाळी गवत बघतो आणि उरलेला दिवस बजेट, अहवाल आणि माणसं सांभाळतो. त्या उरलेल्या दिवसाची तयारी याच विषयांत होते.

'अर्धी डिग्री' हा समज कुठून आला तेही कळतं. सर्टिफिकेटचे क्रेडिट पुढे डिग्रीत धरले जातात. पण धरले जातात ते गवताचे. बाकीचा डोंगर तसाच उभा असतो.

म्हणून माझं मत पक्कं आहे. राहुरी किंवा दापोलीहून बीएस्सी ॲग्री केलेल्याने दुसरी बॅचलर डिग्री अजिबात करू नये. मृदाशास्त्र, संख्याशास्त्र, कृषी अर्थशास्त्र त्याचं झालेलं आहे. त्याला हवंय ते फक्त गवत. त्याने सर्टिफिकेट करावं, फार तर तिथलीच ऑनलाइन मास्टर्स. याउलट बारावीनंतर थेट मैदानावर कामाला लागलेल्या मुलाने डिग्रीचाच विचार करावा, मग सुरुवात गवताच्या कोर्सपासून केली तरी चालेल.

आणखी एक. पूर्ण ऑनलाइन कोर्सवर, मग तो कुठलाही असो, अमेरिकेचा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा मिळत नाही, त्यामुळे शिक्षणानंतरची ओपीटी, म्हणजे तिथे काही काळ काम करायची परवानगीही नाही. एजंट हे शेवटी सांगतात. अमेरिकेत निर्बंधित कीटकनाशकं मारायचा परवानाही वेगळा काढावा लागतो, तो या कागदांसोबत येत नाही.

आणि पेन्सिल्व्हेनिया थंड. तिथल्या अभ्यासात बेंटग्रास, केंटकी ब्लूग्रास या थंड हवेतल्या गवतांना मोठी जागा असणारच. आपल्याकडची मैदानं बहुतेक बर्म्युडा गवतावर चालतात, म्हणजे शेतात जिला आपण मुळासकट खणून काढतो ती हरळी आणि तिचे संकर. उष्ण हवेतल्या गवताचा भाग किती आहे हे अभ्यासक्रम उघडून बघा. आणि फी भरण्याआधी जुनी गुणपत्रकं पाठवून कोणते क्रेडिट धरले जातील, ते लेखी मागवून घ्या.