गोचं 'गोड' का होत नाही?

'गो-वेंट-गॉन, टेक-टुक-टेकन, सी-सॉ-सीन.' मराठी माध्यमात शिकून हे पाढ्यांच्या चालीवर घोकलं नाही, असा माणूस विरळाच. वॉकचं वॉक्ड होतं, मग गोचं 'गोड' का नाही? उत्तर ठरलेलं: अपवाद आहे, पाठ करा.

पण हे अपवाद बसलेत कुठे ते पाहा. बी, हॅव, डू, गो, से, कॅन, विल, सी, टेक, गेट. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी ही दहा क्रियापदं, आणि दहाच्या दहा अनियमित! उरलेल्या हजारो क्रियापदांपैकी बहुतेक मात्र मुकाट्याने शेवटी 'एड' लावून घेतात.

हार्वर्डमधल्या एरेझ लीबरमन आणि सहकाऱ्यांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेऊन त्यांचा सुमारे बाराशे वर्षांचा प्रवास तपासला. 2007 साली 'नेचर'मध्ये तो छापून आला. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांतली 145 अनियमित राहिली, आज फक्त 98. बाकीची नियमात आली. हेल्पचा भूतकाळ एकेकाळी 'होल्प' होता, आज तो हेल्प्ड आहे.

नियमात कोण आधी येणार, हे वापरावर ठरतं. इंग्रज घरातलं लहान मूल 'गोड' म्हणतंच. पण 'वेंट' दिवसभर कानावर आदळत असतो, म्हणून चूक टिकत नाही. क्वचित ऐकू येणाऱ्या क्रियापदाचं वेगळं रूप आठवत नाही, मग माणूस सरळ 'एड' चिकटवतो. वापर शंभरपट कमी, तर नियमात येण्याचा वेग दहापट जास्त, असं वर्गमुळाचं गणित या अभ्यासात निघालं. (वेंट मुळात गोचा नव्हेच. तो 'वेंड' या दुसऱ्या क्रियापदाचा भूतकाळ, गोने पळवलेला. बिचाऱ्या वेंडला पुढे 'वेंडेड'वर भागवावं लागलं.)

इंग्रजीला हसण्याआधी आपलं घर बघावं. चाल-चालला, बोल-बोलला सरळ आहे. पण कर-केलं, जा-गेला, ये-आला, हो-झालं? इथेही वाकडी ती रोजचीच. केलं, गेला, मेला यांत संस्कृतातले कृत, गत, मृत झिजून बसलेत. हे आपण कधी घोकलं नाही, म्हणून खटकतही नाही.