घरी कॅरिबियन समुद्र: मासे घेण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

खाऱ्या पाण्याची टाकी लावायचं ठरलं की बहुतेक ग्राहक माशांची यादी घेऊनच येतात. यादीत नारंगी क्लाउनफिश असतो, निळा टँग असतो आणि त्यांच्या शेजारी जांभळा-पिवळा रॉयल ग्रामा असतो. पहिले दोन हिंदी-प्रशांत महासागरातले, तिसरा कॅरिबियनचा. अटलांटिकमध्ये क्लाउनफिश मुळात नाहीच. पनामाची जमीन सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी जोडली गेली आणि तेव्हापासून कॅरिबियन आणि प्रशांत महासागरातले जीव वेगवेगळ्या वाटांनी वाढत गेले. हे तीन मासे एका टाकीत जगतात, बरेच जण ठेवतातही, त्यात गुन्हा काही नाही. पण कॅरिबियन टाकीच हवी असेल तर आमचा सल्ला उलट क्रमाचा आहे. आधी समुद्रातली जागा ठरवा, मासे त्यानंतर.

कोणती जागा?

कॅरिबियन म्हणजे एकच देखावा नव्हे. किनाऱ्याजवळ टर्टल ग्रास नावाच्या सागरी गवताची कुरणं आहेत, तिथे समुद्रघोडे आणि नळीमासे राहतात. खारफुटीच्या मुळांमधलं पाणी शांत आणि गढूळसर. प्रवाळभित्तीच्या बाहेरच्या उतारावर प्रवाह जोराचा असतो आणि टँग, एंजेलफिश यांच्यासारखे मोठे मासे फिरतात. भित्तीच्या पायथ्याशी, जिथे खडक संपून वाळू आणि प्रवाळांचे तुकडे पसरतात, तिथे छोट्या माशांची वस्ती असते.

घरच्या टाकीसाठी आम्ही हा पायथाच सुचवतो. इथले मासे ५ ते १० सेंटिमीटरचे असतात, ठरावीक बिळाभोवती किंवा कपारीभोवती राहतात आणि लांब पोहत जात नाहीत. समुद्रातही त्यांचं जग दोन-चार हातांचंच असतं. गवताच्या कुरणाची टाकी सुंदर दिसते, पण समुद्रघोड्यांना दिवसातून अनेकदा खायला द्यावं लागतं आणि चपळ माशांसोबत ते उपाशी राहतात. ती वेगळी टाकी आणि वेगळा स्वभाव. पहिल्या टाकीसाठी नको.

टाकी, वजन आणि पाणी

पुढचं सगळं ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची टाकी धरून लिहिलं आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात १८० लिटर मावतात, पण वाळू, खडक आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी १३०-१४० लिटरच भरतं. हा आकडा लिहून ठेवा. औषधाचा डोस कायम याच आकड्यावर काढायचा, काचेवर छापलेल्या क्षमतेवर नाही. स्टँडसकट सगळं मिळून वजन अडीचशे ते तीनशे किलो होतं, तेव्हा जमीन सपाट आणि भक्कम हवी. टाकी भरल्यावर ती दोन इंचही सरकवता येत नाही.

नळाचं पाणी वापरू नका. आरओ (पडद्यातून गाळणं) आणि त्यापुढे डीआय (उरलेले क्षार काढणं) असं गाळलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य दाखवणारं पाणी घ्या. मीठ प्रवाळ-टाकीसाठी बनवलेलंच हवं. प्रमाण लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे या टाकीला पहिल्या वेळी ५ किलोच्या आसपास. वेगळ्या भांड्यातल्या पाण्यात मीठ घाला, पंप लावून दिवसभर फिरू द्या, मग मोजा. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाश किती वाकतो यावरून क्षारता दाखवणारं उपकरण, घ्या. तरंगत्या काट्याचं स्वस्त हायड्रोमीटर आम्ही ठेवत नाही.

क्षारता ३५ भाग प्रतिहजार, म्हणजे घनता १.०२५ ते १.०२६. तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस. पीएच ८.१ ते ८.४. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला १० मिलीग्रॅमच्या खाली ठेवलेलं बरं. क्षारीयता ८ ते १० डीकेएच (ती मोजायचं एकक), कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलीग्रॅम. कठीण प्रवाळ नसतील तर शेवटच्या दोन आकड्यांची फार चिंता नको, पाणी बदलताना ते आपोआप भरून निघतात. आकडा अचूक असण्यापेक्षा तो स्थिर असणं माशांना जास्त मानवतं.

बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. रोजची घट त्यामुळे गोड्या, गाळलेल्या पाण्यानेच भरायची. मिठाचं पाणी ओतत राहिलात तर क्षारता आठवड्याभरात कुठच्या कुठे जाते. नव्या ग्राहकांच्या टाकीतलं पाणी आम्ही तपासतो तेव्हा बहुतेकदा दोष हाच सापडतो. खोली तापत असेल तर पृष्ठभागावर वारा घालणारा पंखा दोन-तीन अंश उतरवतो, मात्र पाणीही जास्त उडतं. त्याने भागलं नाही तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र.

खडक आणि वाळू

फ्लोरिडाच्या समुद्रातून नैसर्गिक लाइव्ह रॉक, म्हणजे लहान जीव वसलेला जिवंत खडक, काढण्यावर आधी राज्याच्या पाण्यात आणि मग १९९० च्या दशकात बाहेरच्या पाण्यातही बंदी आली. आता तिथून येतो तो शेती केलेला खडक. खाणीतला चुनखडक परवान्याच्या जागेत समुद्रतळावर ठेवतात आणि वर्ष-दोन वर्षांनी त्यावर स्पंज, शैवाल, लहान शिंपले चढले की काढतात. त्याच्याबरोबर कधी नको असलेला खेकडाही येतो. कोरडा खडक स्वच्छ आणि बिनधोक असतो, पण त्यावर जीवसृष्टी जमायला कित्येक महिने जातात. आम्ही बहुधा कोरडा खडक जास्त आणि त्यावर बी म्हणून थोडा जिवंत खडक असं मिश्रण देतो.

खडक आधी काचेच्या तळावर टेकवा, वाळू नंतर घाला. हा क्रम चुकवू नका. आपल्या टाकीत बीळ खणणारा मासा येणार आहे आणि वाळूवर ठेवलेला खडक त्याच्या खणण्याने खाली बसतो. मासा दबतो, काचही जाऊ शकते.

वाळू किमान १० सेंटिमीटर, मध्यम जाडीची, त्यात शिंपल्यांचे आणि प्रवाळांचे तुकडे मिसळलेले. नुसत्या बारीक वाळूत बीळ टिकत नाही. कॅरिबियनमधली बरीचशी पांढरी वाळू हॅलिमेडा या शैवालाच्या मोडलेल्या चकत्यांची बनलेली आहे. तेच शैवाल टाकीतही वाढवता येतं.

मग वाट पाहायची. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू स्थिरावायला ४ ते ६ आठवडे लागतात, त्यासाठी टाकीत अमोनियाचा थोडा स्रोत घालावा लागतो. मासा घालून हे चक्र सुरू करण्याची जुनी पद्धत क्रूर आहे. त्यासाठी मासा मागितलात तर मिळणार नाही.

कोणते मासे

या टाकीसाठी आमची नेहमीची निवड अशी: एक रॉयल ग्रामा, तीन चॉक बास, दोन निऑन गोबी आणि पिवळ्या डोक्याच्या जॉफिशची जोडी. आठ मासे, त्यातला एकही १० सेंटिमीटरच्या फारसा पुढे जात नाही. टाकी सुरुवातीला रिकामी वाटेल. वाटू द्या.

जॉफिश ऑपिस्टोग्नाथस ऑरिफ्रॉन्स या टाकीचा खरा नायक. अंग निळसर-मोतिया, डोकं पिवळं. दिवसभर बिळाच्या तोंडावर उभा तरंगत वाहत आलेले कण टिपतो आणि कुणी जवळ आलं की शेपटीकडून आत सरकतो. बिळाची डागडुजी संपतच नाही. खडा तोंडात धरून आणतो, नीट बसवतो, नाही आवडला तर काढून दुसरा लावतो. रात्री दार खड्याने बंद. अंडी नर तोंडात सांभाळतो, अधूनमधून तोंड उघडून त्यांना ताजं पाणी देतो. घाबरला की टाकीबाहेर उडी मारतो, तीही नव्या घरातल्या पहिल्या रात्रीत जास्त. बारीक जाळीचं झाकण बसवलं नसेल तर जॉफिश देत नाही. लाडीगोडी चालत नाही.

रॉयल ग्रामा जवळच्या पृष्ठभागाकडे पोट करून पोहतो, म्हणून कपारीच्या छताखाली तो उलटा दिसतो. आजारी नाही, फोन करू नका. एका टाकीत दोन नर भांडतात, आणि त्याचा काळ्या टोपीचा भाऊबंद ग्रामा मेलाकारा इतक्या जागेत त्याच्यासोबत नकोच.

चॉक बास मात्र तीन-चारच्या टोळीत खुलतो. प्रत्येक मासा एकाच वेळी नर आणि मादी असतो, जोडीतले दोघे दिवसातून अनेकदा भूमिका बदलतात. त्यामुळे नर-मादी ओळखून घेण्याचा प्रश्न नाही.

निऑन गोबी इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो. समुद्रात मोठे मासे त्याच्याकडे येऊन थांबतात. तुमचा ग्रामाही थांबेल. पण त्याच्या भरवशावर आजारी मासा टाकीत घालू नका. आयुष्य मात्र एक-दोन वर्षांचंच. ग्रामा आणि निऑन गोबी हे दोन्ही मासे पाळीव पैदाशीतले मिळतात आणि मिळतील तेव्हा आम्ही तेच देतो. ते तयार खाणं लवकर घेतात.

जे आम्ही नको म्हणतो

अटलांटिक ब्लू टँग पिल्लू असताना पिवळाधमक असतो, म्हणून मोह होतो. तोच पुढे निळा होऊन २०-२५ सेंटिमीटरचा होतो. क्वीन एंजेलफिश ४५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. रॉक ब्यूटीचा मुख्य आहार स्पंज आहे, टाकीत तो हळूहळू उपाशी मरतो. चार डोळ्यांचा बटरफ्लायफिश प्रवाळांचे पॉलिप, म्हणजे प्रवाळ बनवणारे छोटे जीव, खातो. सार्जंट मेजर तिथे सर्रास दिसतो, काटकही आहे, पण मोठा झाला की टाकीवर राज्य करतो. छोटा चेरब एंजेलफिश ८ सेंटिमीटरचाच, तरी आकाराच्या मानाने भलताच तापट. मोठ्या टाकीत, सर्वांत शेवटी सोडायचा असेल तरच देतो.

निळा क्रोमिस आणि ब्लूहेड रास यांना ३०० लिटरच्या पुढे जागा द्या. ब्लूहेडच्या टोळीतला मोठा नर गेला की सर्वांत मोठी मादी काही तासांत नरासारखी वागू लागते, रंग नंतर बदलतो. पाहण्यासारखी गोष्ट आहे, पण लहान टाकीत शक्य नाही.

प्रवाळांच्या जागी काय

कॅरिबियनच्या कठीण प्रवाळांची अवस्था वाईट आहे. स्टॅगहॉर्न आणि एल्कहॉर्न हे दोन प्रवाळ अमेरिकेच्या कायद्याने २००६ पासून संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहेत. २०१४ मध्ये मायामीजवळ कठीण प्रवाळांची ऊती गळवणारा नवा रोग दिसला आणि पुढे सगळ्या प्रदेशात पसरला. फ्लोरिडात कठीण प्रवाळ आणि सी फॅन काढायला बंदी आहे. ते आमच्याकडे मागू नका.

त्याने टाकीचं काही बिघडत नाही, कारण या समुद्राची ओळखच गॉर्गोनियन आहे: प्रवाहात डोलणारी जांभळी, तपकिरी, पिसासारखी झुडपं. प्रकाशावर जगणाऱ्या जातीच घ्या. लाल-पिवळ्या दांड्यांचा डायोडोगॉर्गिया प्रकाशावर जगत नाही, त्याला सतत बारीक खाणं लागतं. गॉर्गोनियन अधूनमधून पॉलिप मिटून मेणचट साल टाकतं. काही दिवस मेल्यासारखं दिसेल. प्रवाह वाढवा, हात लावू नका. जोडीला रिकॉर्डिया फ्लोरिडा हा चकतीसारखा मऊ जीव आणि रॉक फ्लॉवर समुद्रफूल (अ‍ॅनिमोन). कोंडिलॅक्टिस हे मोठं समुद्रफूल टाकीभर चालतं आणि लहान मासे खातं, म्हणून वरच्या यादीबरोबर नाही.

पॅलिथोआ हा बटणांसारखा दिसणारा, प्रवाळांच्या नात्यातला जीव घेतलात तर हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा वापरा. त्यात पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असू शकतं. तो असलेला खडक कधीही उकळू नका, घासू नका.

सफाईला निळ्या पायांचे शंखखेकडे, सेरिथ आणि नॅसॅरियस गोगलगायी. पेपरमिंट कोळंबी एप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल बहुधा खाते, हिरवा एमराल्ड खेकडा बुडबुड्यांचं शैवाल खातो. लांब पायांचा अ‍ॅरो क्रॅब दिसायला गमतीदार, पण निऑन गोबी पकडतो.

सोडण्याचा क्रम

चक्र पूर्ण झाल्यावर आधी सफाईवाले. मग जॉफिश, कारण बुजऱ्याला घर बांधायला शांतता लागते. त्यानंतर गोबी, मग तिन्ही चॉक बास एकाच दिवशी, आणि ग्रामा शेवटी. दर खेपेत दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. प्रत्येक मासा आधी ४ ते ६ आठवडे वेगळ्या टाकीत राहू द्या. जॉफिशसाठी तिथे वाळूने भरलेला वाडगा ठेवा. पांढरे ठिपके दिसले तर तांब्याचं औषध त्या वेगळ्या टाकीतच. मुख्य टाकीत ते गेलं तर कोळंबी, गोगलगायी, गॉर्गोनियन सगळं संपतं.

खाणं दिवसातून दोनदा, थोडं थोडं: गोठवलेली मायसिस आणि आर्टेमिया (कोळंबीसारखे छोटे जीव), बारीक दाणे. जॉफिशच्या बिळाकडे प्रवाहाबरोबर काही कण पोहोचतात ना, ते बघा. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला.

टाकी बंद करायची झाली तर

१९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ पहिला लायनफिश नोंदला गेला. हा हिंदी-प्रशांत महासागरातला मासा आज सगळ्या कॅरिबियनमध्ये पसरून तिथले लहान मासे खातो आहे, आणि मत्स्यालयांतून सोडलेले मासे हेच त्याचं मूळ मानलं जातं. मासा, खेकडा, शैवाल, काहीही कोणत्याही पाण्यात सोडू नका. आमच्याकडून घेतलेले जीव आम्ही परत घेतो. आधी चार-पाच दिवस कळवा, वेगळी टाकी तयार ठेवावी लागते. खडक पूर्ण कोरडा झाल्याशिवाय कुणाला देऊ नका, आणि जुनं खारं पाणी झाडांना घालू नका.