एक्स सर्व्हरचे स्टार्टअप पर्याय: जागा का बदलत गेली

लिनक्समध्ये डिस्प्ले सर्व्हरला, म्हणजे पडदा, कीबोर्ड आणि माउस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, सुरू होताना पर्याय द्यायचे तर कोणती फाइल उघडायची? सर्व्हर सुरू कोण करतं, त्यावर ते ठरतं.

एमआयटीत १९८४ मध्ये एक्स विंडो सिस्टिमचं काम सुरू झालं; एक्स सर्व्हर हा तिचाच डिस्प्ले सर्व्हर. तिची अकरावी आवृत्ती, एक्स११, आली १९८७ मध्ये. प्रोग्रॅम एका यंत्रावर आणि पडदा दुसऱ्यावर चालावा, ही मूळ कल्पना; म्हणून सर्व्हर नेटवर्कवर, टीसीपीच्या ६००० क्रमांकाच्या पोर्टवर, जोडणीची वाट पाहत ऐकत बसायचा. त्यात कुणी ‘एक्सहोस्ट +’ ही सगळ्यांना प्रवेश देणारी कमांड दिली, की नेटवर्कवरच्या कुणालाही कीबोर्डवरची अक्षरं टिपता यायची. म्हणूनच डिस्ट्रोंनी, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांनी, पोर्ट बंद ठेवणारा ‘-नोलिसन टीसीपी’ हा पर्याय सर्व्हर सुरू करणाऱ्या आपल्या फाइलींत घालून ठेवला. सर्व्हरच्या २०१५ च्या १.१७ आवृत्तीपासून हे पोर्ट मुळातच बंद असतं. खरोखर हवं असेल तर ‘-लिसन टीसीपी’ द्यावं लागतं.

टर्मिनलवरून सुरुवात करणाऱ्यांसाठी ‘स्टार्टएक्स -- -डीपीआय ९६’ ही रीत आजही चालते (डीपीआय म्हणजे पडद्यावर इंचामागे किती ठिपके). दोन उणे चिन्हांच्या पुढचं सगळं सर्व्हरकडे जातं. कायमची सोय हवी तर होम फोल्डरमध्ये ‘.एक्ससर्व्हरआरसी’ ठेवायची, पण तिथे एक खाच आहे. त्यातल्या, सर्व्हर सुरू करणाऱ्या ‘एक्झेक’ ओळीच्या शेवटी अवतरणात डॉलर आणि ॲट ही चिन्हं नसतील, तर स्टार्टएक्सने दिलेला डिस्प्ले क्रमांक, ऑथ फाइल (प्रवेशाची किल्ली असलेली फाइल) आणि तुमचे पर्याय वाटेतच गळतात. चूक दाखवणारा संदेशही येत नाही.

पुढे लॉगिनचा पडदा आला आणि सर्व्हर सुरू करण्याचं काम तो पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, म्हणजे डिस्प्ले मॅनेजरकडे गेलं. एक्सडीएम, लाइटडीएम, एसडीडीएम हे असेच मॅनेजर. एक्सडीएमची ‘एक्ससर्व्हर्स’ फाइल, लाइटडीएममधली ‘एक्ससर्व्हर-कमांड’, एसडीडीएमच्या ‘एक्स११’ विभागातली ‘सर्व्हरआर्ग्युमेंट्स’ ओळ: प्रत्येकाची जागा निराळी. ‘.एक्ससर्व्हरआरसी’ यांपैकी कुणीच वाचत नाही. पर्याय ‘लागत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

एक्सच्या जागी आणलेल्या वेलँडचं काम २००८ मध्ये सुरू झालं. तिथे कंपोझिटर, म्हणजे खिडक्या एकत्र जुळवून पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम, हाच सर्व्हर असतो, आणि एक्ससाठी लिहिलेल्या जुन्या प्रोग्रॅमसाठीचा एक्सवेलँड हा सर्व्हरही कंपोझिटरच आपल्या पर्यायांनिशी सुरू करतो. तिथे लाइटडीएममधली ओळ बदलून सत्रात काही फरक पडत नाही.

फाइल उघडण्याआधी चालू प्रक्रिया दाखवणाऱ्या ‘पीएस’ कमांडची यादी पाहावी. ‘एक्सऑर्ग’ची, म्हणजे आजच्या एक्स सर्व्हरची, पूर्ण कमांड ओळ तिथेच दिसते, पालक प्रक्रियेचा क्रमांक धरून वर गेलं, की ती सुरू करणारा सापडतो.