वेबसाइटवरील लिंकवरून सॉफ्टवेअर कसे बसवून घ्यावे : कृषी सेवा केंद्रचालकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमचे बिलिंग व साठा-नोंदीचे सॉफ्टवेअर आम्ही आधी सीडीवर आणि नंतर पेनड्राइव्हवर घेऊन स्वतः दुकानात येऊन बसवून देत होतो. धारणीपासून सिरोंच्यापर्यंत विखुरलेल्या ग्राहकांकडे एसटीने पोहोचेपर्यंत पहिल्या दुकानातली आवृत्ती जुनी झालेली असे. यापुढे सॉफ्टवेअर केवळ आमच्या वेबसाइटवरील लिंकवरूनच मिळेल. तिचा पत्ता तुमच्या लायसन्सच्या पावतीवर तळाशी छापलेला आहे.

या लिंकमागे नेहमी चालू आवृत्तीच असते आणि एकदा बसवलेले सॉफ्टवेअर दर वेळी उघडताना आमच्या सर्व्हरकडे नव्या आवृत्तीची चौकशी करून, ती असल्यास, तुमच्या संमतीने उतरवून घेते. २२ सप्टेंबर २०२५ पासून झिंक सल्फेटसारख्या सूक्ष्म अन्नद्रव्यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा एका ग्राहकाने नवीन संगणकावर शेजारच्या दुकानातून पेनड्राइव्हवर आणलेली जुनी सेटअप फाइल (सॉफ्टवेअर बसवणारी फाइल) वापरली होती आणि संगणकाला इंटरनेटही जोडलेले नव्हते. पंधरा दिवस झिंक सल्फेटची बिले जुन्याच दराने निघाली व पुढे प्रत्येक बिलासाठी क्रेडिट नोट (जादा आकारलेली रक्कम कमी करणारे कागदपत्र) काढावी लागली.

लिंक उघडल्यावर पानावर दोन बटणे दिसतील. ‘लहान सेटअप’ सुमारे ३ एमबीचा असून उरलेला भाग तो बसवताना इंटरनेटवरून आणतो. ‘पूर्ण सेटअप’ सुमारे १८० एमबीचा असून एकदा उतरवला की बसवताना नेटवर्क लागत नाही. ज्यांच्याकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच काम चालते आणि भारनियमनात वीज केव्हा जाईल हे सांगता येत नाही, त्यांनी पूर्ण सेटअप घ्यावा, असे आमचे मत आहे, कारण लहान सेटअप अर्ध्यात तुटला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सेटअप फाइलवर आमची डिजिटल सही असते. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर निळा टॅग आणि सील असते, तसेच हे समजावे : फाइल आमच्याकडूनच निघाली आहे आणि वाटेत कोणी ती उघडून त्यात काही मिसळलेले नाही, एवढे ती सही सांगते. मात्र टॅग उगवणशक्तीविषयीही काही सांगतो. सही सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेविषयी काहीच सांगत नाही, ती जबाबदारी आमची. १ जून २०२३ पासून अशा सहीची खासगी किल्ली (सही करण्यासाठी लागणारा गुप्त संकेत) सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवण्याचे बंधन आहे, त्यामुळे तुमच्या कर सल्लागाराकडे डीएससीचे (डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचे) पेनड्राइव्हसारखे टोकन असते तसे आमचेही आता कपाटात कुलूपबंद असते. फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भाग उघडल्यास सही करणाऱ्याचे नाव वाचता येते. तो भाग दिसलाच नाही, तर फाइल आमची नाही.

नवी आवृत्ती आल्यावर पहिले काही दिवस विंडोज एक निळी चौकट दाखवून इन्स्टॉलेशन थांबवू शकते. याचा अर्थ फाइलमध्ये व्हायरस सापडला असा नसून, ही फाइल अद्याप फारशा संगणकांवर उतरलेली नसल्याने तिची ओळख पटलेली नाही, एवढाच असतो. त्या चौकटीतील ‘मोअर इन्फो’ दाबावे आणि ‘पब्लिशर’समोर पावतीवरचे आमचे नाव तंतोतंत दिसले, तरच ‘रन एनिवे’ दाबावे. तेथे ‘अननोन पब्लिशर’ असे आले तर तिथेच थांबून आम्हाला फोन करावा. घाईगर्दीत डोळे झाकून पुढे जाण्याची सवय फार घातक आहे. अँटिव्हायरस बंद करा, असे आमचा कोणताही माणूस तुम्हाला कधीही सांगणार नाही. गूगलवर नाव शोधल्यास सर्वांत वर जाहिरातीही येतात आणि त्यांतील लिंक आमचीच असेल याची खात्री नसते, म्हणून पत्ता पावतीवरून पाहून टाइप करावा. व्हॉट्सॲपवर फिरणारी सेटअप फाइल, ती ओळखीच्या माणसाने पाठवली असली तरी, वापरू नये.

सॉफ्टवेअर ज्या विंडोज लॉगिनमध्ये बसवले जाते त्याच लॉगिनमध्ये दिसते. मालकांच्या लॉगिनवर बसवलेले मुनीमजींच्या लॉगिनवर आढळले नाही, तर ते उडाले असे समजू नये, मुनीमजींच्या लॉगिनवरून तीच लिंक पुन्हा उघडावी. बिले व साठ्याच्या नोंदी वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात, त्यामुळे अपडेट केल्याने किंवा सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवल्याने त्या पुसल्या जात नाहीत. तरीही अपडेटपूर्वी बॅकअप घ्यावाच.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० नंतर बंद झाले असून त्यावर आमची नवी आवृत्ती चालणार नाही. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यावर आमचे सॉफ्टवेअर सध्या चालते, परंतु संगणक बदलायचाच असेल तर तो मृग लागण्यापूर्वी बदलावा, कारण बियाण्यासाठी दुकानासमोर रांग लागल्यावर तुम्हालाही वेळ नसतो आणि आमचा फोनही सतत व्यस्त असतो.