उलट्या राउटरची गोष्ट: बिटची उंची आणि क्विक-चेंज कॉलेट आले कुठून

टेबलाखाली राउटर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने (बिटने) लाकडात खाचा आणि कडा कापणारं मशीन, बसवलेल्या कुणालाही विचारा, तक्रारी दोनच. बिट बदलायला हात पोचत नाही, आणि उंची पाहिजे तिथे थांबत नाही. दोन वेगळे त्रास म्हणून त्यावर दोन वेगळे उपाय शोधले जातात, पण मागे जाऊन बघितलं तर दोन्हीचं मूळ एकच आहे, हे मशीन उलटं टांगून वापरायला बनवलेलंच नव्हतं.

वीज येण्याआधी राउटर म्हणजे खाचेचा तळ सपाट करायचा छोटा हातरंधा, अमेरिकेत स्टॅन्लेचा ७१ नंबर १८८४ च्या सुमारास आला तो हाच. त्यात पातं खाली-वर करून खोली ठरायची. मग १९१५ मध्ये शिकागोच्या ऑन्सरुड बाप-लेकाने हवेच्या दाबावर मिनिटाला ३०,००० फेऱ्यांनी फिरणारा हातराउटर काढला, आणि पहिल्या महायुद्धाच्याच काळात न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूसमध्ये आर. एल. कार्टर नावाच्या पॅटर्नमेकरने (ओतकामासाठी लाकडी नमुने बनवणाऱ्याने) न्हाव्याच्या इलेक्ट्रिक क्लिपरची मोटर घेऊन तिला कटर जोडला. हे मशीन इतकं खपलं की १९२९ मध्ये स्टॅन्लेने त्याचा धंदाच विकत घेतला. या सगळ्यांत मांडणी तीच, लाकूड खाली, मशीन वर, दोन्ही हात हँडलवर आणि कॉलेट, म्हणजे बिट धरणारी पकड, कामगाराच्या समोर. मोटरचं वजन बिटला लाकडाकडेच दाबायचं, ते काही त्रासाचं नव्हतं.

टेबलातून वर येणारा फिरता कटर ही कल्पना मात्र राउटरची नाही, ती शेपरची. स्पिंडल मोल्डर म्हणा किंवा शेपर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कारखान्यांत होतंच, ओतीव लोखंडाचं जड टेबल, खालून वर येणारा स्पिंडल आणि उंचीसाठी चाक. म्हणजे उंची बदलायची सोय त्या मशीनमध्ये पहिल्यापासून विचार करून दिलेली होती. छोट्या वर्कशॉपवाल्याला ते परवडायचं नाही आणि ठेवायला जागाही नाही, म्हणून त्याने प्लायला भोक पाडून हातराउटर उलटा केला. ही कुणा एकाची आयडिया नव्हे, ठिकठिकाणी लोकांनी आपापलं केलं.

उलटा केला आणि वजन विरोधात गेलं. पोर्टर-केबल ६९० हे अमेरिकेतलं वर्षानुवर्षं चाललेलं फिक्स्ड-बेस मशीन (मोटर बेसमध्ये आवळून एका उंचीवर पक्की करायची ते) घ्या, त्याच्या मोटरला पिना आहेत आणि बेसच्या आत तिरकी खाच आहे, मोटर गोल फिरवली की ती वर-खाली होते. हातात धरून हे छान चालतं. टेबलाखाली क्लॅम्प ढिला केला की आधी मोटर हाताने तोलून धरायची, मग फिरवायची, ती फिरली की स्विच आणि केबल पण फिरणार, आणि परत आवळताना उंची केसभर सरकतेच, ते केसभर सांध्यात लगेच दिसतं. जर्मनीच्या एलूने १९५० च्या आसपास प्लंज राउटर, म्हणजे स्प्रिंगांवरची मोटर दाबून बिट लाकडात उतरवायचा तो, आणला (डिवॉल्टचा डीडब्ल्यू ६२५ याच घराण्यातला), त्याने खोलीचं काम सोपं झालं खरं, पण टेबलाखाली त्याच्या स्प्रिंगा मोटरला बेसपासून लांब, म्हणजे खाली ढकलतात. मग लोक स्प्रिंग काढून टाकायचे, आट्यांचा रॉड आणि नॉब लावायचे. तरी नॉब टेबलाखाली आणि मोजपट्टी टेबलावर, म्हणजे वाका, फिरवा, उठा, बघा, परत वाका.

एवढा त्रास असून लोक टेबलाकडे का गेले याला कारण बिट. कार्बाइडचे मोठे बिट स्वस्त व्हायला लागले, अर्ध्या इंचाची शँक (बिटचा पकडायचा दांडा) रुळली, आणि कपाटाच्या दाराचं पॅनल राउटरवर करता यायला लागलं. ३ इंच व्यासाचा पॅनलचा बिट २२,००० फेऱ्यांनी फिरवला तर त्याची कड ताशी जवळजवळ ३१५ किलोमीटरने जाते, १०,००० वर आणलं तर १४३. असला बिट हातात धरून चालवायचाच नाही, आणि स्पीड कमी करायची सोय नसेल तर टेबलावरही नाही. म्हणून सव्वातीन हॉर्सपॉवरचा आणि १०,००० पर्यंत खाली येणारा पोर्टर-केबल ७५१८ टेबलवाल्यांचा लाडका झाला. त्याच सुमारास, १९८९ पासून, अमेरिकेच्या सरकारी मदतीवरच्या टीव्हीवर नॉर्म अब्रामचा सुतारकामाचा कार्यक्रम सुरू झाला आणि राउटर टेबल घराघरातल्या गॅरेजमध्ये शिरला.

आता कॉलेट. चिरा पाडलेली नळी, बाहेरून उतरती, नट आवळला की ती निमुळत्या जागेत दाबली जाते आणि शँकला चारी बाजूंनी सारखी धरते. ही घड्याळजींच्या लेथवरची चीज, अमेरिकेत वॉल्थमच्या घड्याळ कारखान्यांभोवती १८६० च्या आगेमागे ती रुजली. राउटरमध्ये ती आली तेव्हा काम बदललं, नाजूक पिन धरायच्या ऐवजी तडाखे खाणारा बिट धरायचा. आखूड, दोन-तीन चिरांच्या कॉलेटात शँकला पकड कमी मिळते, आणि स्पायरल अपकट बिट (पिळाचा, भुसा राउटरकडे ओढून काढणारा) असेल तर तो कापताना स्वतःलाच लाकडाकडे ओढतो. टेबलावर याचा अर्थ बिट हळूहळू वर चढतो, खाच सुरुवातीला ६ मिमी आणि शेवटी साडेसहा. माणूस उंची बदलणाऱ्या यंत्रणेला आणि क्लॅम्पला दोष देत बसतो, चूक कॉलेटात असते. म्हणून माझं ठाम मत आहे की उंचीची चर्चा पकडीपासून सुरू झाली पाहिजे. शँक कमीत कमी तीन-चतुर्थांश आत, तळाला टेकवून मग २-३ मिमी वर घ्यायची, आणि शँक जिथे गोलाईने जाड होते तो भाग कॉलेटात येऊ द्यायचा नाही. आत राळ आणि भुसा साचला असेल तर नट कितीही आवळा, उपयोग नाही.

उंचीचं खरं उत्तर नव्वदच्या दशकाच्या शेवटी लिफ्टच्या रूपात आलं, कॅनडाच्या जेसएमचं राउट-आर-लिफ्ट, ओहायोच्या वुडपेकर्सचं पीआरएल वगैरे. बेस काढून टाकायचा, मोटर एका कॅरेजमध्ये धरायची, कॅरेज उभ्या दांड्यांवर सरकते आणि स्क्रू वरून हँडलने फिरतो. शेपरचं चाकच हे, फक्त टेबलाच्या वर आलेलं. इंचाला १६ आटे असतील तर एक फेरा म्हणजे १.६ मिमीला जरा कमी, पाव फेरा ०.४ मिमी, हा हिशोब हातात बसला की टेस्टचे तुकडे निम्मे होतात. शेवटची ऍडजस्टमेंट मात्र वर चढवतानाच करायची, खाली आणताना आट्यातला ढिलेपणा मधेच दगा देतो.

लिफ्टमुळे दुसरी गोष्ट झाली आणि माझ्या मते तीच मोठी, कॉलेट टेबलाच्या वर यायला लागलं. ऑस्ट्रेलियाच्या ट्रायटनने तर हे राउटरमध्येच घातलं, पूर्ण वर आणला की स्पिंडल आपोआप लॉक होतो, एका पान्यात काम होतं, आणि स्विच बंद असल्याशिवाय तो तेवढा वर येतच नाही. ज्याला कुणाला हे सुचलं त्याने हाताची बोटं नजरेसमोर ठेवून डिझाइन केलंय. ज्यांच्या मशीनवर स्पिंडल लॉक नाही किंवा कॉलेट प्लेटच्या (राउटर टांगलेल्या, टेबलात बसवलेल्या पत्र्याच्या) जेमतेम बरोबरीला येतं, त्यांना दोन पाने प्लेटच्या भोकात फिरवायला जागाच मिळत नाही, म्हणून मग वाकडे पाने निघाले.

क्विक-चेंज तिथून पुढचं पाऊल. मसलचक नावाच्या जोडसाधनासारख्यात मूळ कॉलेट आणि नट काढून स्पिंडलवर एक जाडसर चक कायमचा चढवायचा, बिट आत सरकवायचा, बाजूच्या भोकात ऍलन की घालून जरासं फिरवायचं, झालं. नटासाठी पाना गोल फिरवायची गरजच संपते, त्यामुळे अरुंद भोकातही चालतं. जर्मनीच्या फेस्टूलने वेगळी वाट घेतली, स्पिंडल लॉकलाच रॅचेट केलं, पाना न उचलता पुढे-मागे हलवायचा. दोन्ही चांगले, पण चकाच्या आट्यात आणि भोकात जराही तिरकेपणा असेल तर बिट थरथरतो, आणि लांबी वाढवणारं एक्स्टेंशन लावलं तर बेअरिंगपासूनचं अंतर वाढून थरथर आणखी वाढते, म्हणून मोठ्या बिटला एक्स्टेंशन नको.

आपल्याकडे बहुतेक सुतारांकडे अजून ट्रिमरच (एका हातात मावणारा छोटा राउटर) प्लायखाली उलटा लावलेला असतो, आणि तिथे सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे ६ मिमीची शँक पाव इंचाच्या कॉलेटात घालणं. पाव इंच म्हणजे ६.३५, कॉलेट आवळल्यासारखं वाटतं पण पकड टोकालाच असते. गंमत म्हणजे चांगल्या कॉलेटचं ज्ञान जवळच आहे, भोसरी-चाकणच्या मशीनशॉपमधलं ईआर कॉलेट, स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्सने १९७३ मध्ये आणलेलं आणि आता सीएनसी राउटरच्या स्पिंडलवरही तेच. त्याच्या नटात उत्केंद्री (मध्यापासून जराशी सरकलेली) कडी असते, कॉलेट आधी नटात टक्कन बसवायचं आणि मगच स्पिंडलवर चढवायचं, म्हणजे नट सोडताना तो कॉलेटला ओढून बाहेर काढतो आणि बिटावर हातोडी मारावी लागत नाही. चांगल्या हातराउटरच्या नटालाही हीच सोय असते, सोडताना नट दोनदा घट्ट लागतो तो त्यामुळेच, पहिल्यांदा ढिला झाला म्हणून बिट ओढत बसायचं नाही, आणखी फिरवायचं.